अमोनियात भेसळ

४ जानेवारी

न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण आणि हुशार, परंतु शिकवण्याची हातोटी नाही. 'पार्किन्सन्स' हा शब्द उच्चारून त्यांनी टेबलावरचा टिश्यूपेपरचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला आणि त्यांना विषय नीट समजावून दिला: मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो, तेथे डोपामिन तयार होते, डोपामिन म्हणजे हालचालींचे वंगण, आणि वंगण आटले की यंत्र आधी कुरकुरते, मग अडते. त्या म्हणाल्या, "सर, हे मला माहीत आहे." मी म्हणालो, माहीत असणे वेगळे आणि समजावता येणे वेगळे.

निदान मला मान्य नाही. एका तपासणीवरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय. साधे टायट्रेशनसुद्धा आपण पुन्हा पुन्हा करतो. पहिल्या वाचनाला 'पायलट रीडिंग' म्हणतात आणि ते उत्तरात धरत नाहीत. गोळ्या मात्र घेईन. प्रयोग म्हणून.

निघता निघता त्यांनी विचारले, वास कमी येतो का? ज्याने उभा जन्म केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काढला त्याला हा प्रश्न! सांगितले, नाक हे माझे सर्वांत जुने उपकरण आहे आणि त्याचे कॅलिब्रेशन अजून बिघडलेले नाही. सौ. काहीतरी बोलायला गेली. प्रश्न मला विचारला आहे, असे तिला सुचवले. ती छताकडे पाहत बसली.

संकल्प: कॉलेजात कोणालाही कळू द्यायचे नाही. निदान सहा मार्चपर्यंत. त्या दिवशी पालकांसमोरचे वार्षिक प्रात्यक्षिक व्याख्यान आहे. ते मी देतो. कायम मीच देत आलो आहे. शेवटी भर सभागृहात टायट्रेशन: फ्लास्कमध्ये आम्ल, वर ब्युरेटच्या तोटीदार नळीत अल्कली, अखेरचा एकच थेंब, आणि पाण्यासारखे द्रावण फिके गुलाबी. गडद झाले तर चुकले. मुले मला पाठीमागे 'फिका गुलाबी' म्हणतात. पाठीमागे म्हणतात त्या अर्थी प्रेमानेच म्हणत असणार. ते व्याख्यान एकदा झाले की आजाराने खुशाल यावे. तोपर्यंत बाहेर बसावे.

७ जानेवारी

अमोनियाबद्दल स्टोअरकडे पुन्हा लेखी तक्रार. पुरवठादार अमोनियाच्या नावाखाली पाणी देतो आहे. आज बाटलीचे झाकण उघडून चांगला दीर्घ श्वास घेतला. काही नाही. डोळे थोडे चुरचुरले, परंतु डोळे चुरचुरणे म्हणजे वास नव्हे. ही दोन वेगळी निरीक्षणे आहेत आणि ती वेगळीच नोंदवावीत. लॅब असिस्टंट बाहेर पॅसेजमध्ये उभा राहून ओरडत होता, "सर, झाकण लावा हो, नाकातले केस जळाले!" काम टाळण्याच्या या माणसाच्या युक्त्या खरोखर अभ्यासण्यासारख्या आहेत.

भेसळ सार्वत्रिक आहे. कॉफीला वास राहिलेला नाही. सौ.ला ब्रँड बदलायला सांगितले. कोलोनचे तेच. पूर्वी दोन थेंब पुरत. आता ओंजळभर लावावे लागते.

११ जानेवारी

महत्त्वाचा शोध. उजवा हात सतत हलतो, ही माझी अडचण नसून सोय आहे! टायट्रेशन करताना फ्लास्क सतत फिरवत ठेवावा लागतो. लोक त्यासाठी विजेचे यंत्र घेतात. माझ्याकडे ते मनगटातच बसवलेले आहे.

दुपारी पडताळून पाहिले. फ्लास्क हातात घेतला आणि हात स्तब्ध. खाली ठेवला, पुन्हा सुरू. कारण सोपे आहे: हा कंप विश्रांतीचा आहे, हात कामाला लागला की तो थांबतो. म्हणजे माझा हात फक्त रिकामा असतानाच आजारी असतो. असे किती सहकारी दाखवता येतील, ज्यांचे नेमके उलटे आहे!

शर्टाची बटणे हा वेगळा विषय. हल्ली काजे लहान ठेवतात. कापड वाचवत असावेत.

१८ जानेवारी

ज्युनिअर लेक्चरर (माझाच विद्यार्थी, बुद्धी बरी, घाई फार) आज वर्गाच्या दारातून फळ्याकडे बघत म्हणाला, "सर, समीकरण कुठवर आलंय?" म्हटले, समोर लिहिले आहे. तो जवळ आला, आणखी जवळ आला, मग चष्मा काढून म्हणाला, "हां, हां. मला वाटलं फळा पुसायचा राहिलाय." अक्षर आटोपशीर झाले आहे, हे मान्य. ओळीच्या सुरुवातीला ठीक असते, शेवटी शेवटी मोहरी होते. खडूची बचत.

मुले पुढची बाके सोडून एकजात मागे जाऊन बसली आहेत. याचा अर्थ आवाज मागेपर्यंत खणखणीत पोचतो. तरी मागून "सर, ऐकू येत नाही" असा धोशा. मग पुढे या म्हटले तर एकमेकांना कोपराने ढोसतात. एक मुलगी पुढे आली, नाकाला रुमाल लावून बसली आणि थोड्या वेळात मागे गेली. सर्दीची साथ दिसते. उद्यापासून जंतुनाशक म्हणून कोलोन थोडे वाढवावे.

२५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याचे व्यायाम दिले आहेत. आरशासमोर उभे राहून हसायचे. आज छान जमले. सौ. मागून येऊन म्हणाली, "काय झालं? कोणावर चिडलात?" मी म्हणालो, हसतो आहे. ती म्हणाली, "मग चेहऱ्याला कळवा की तसं."

जेवताना वाटाणे होते. वाटाणा हा आदर्श गोलक असल्यामुळे काट्यावर स्थिर राहणे त्याच्या स्वभावात नाही. त्यात काटाच हलत असेल तर भौतिकशास्त्राचा संपूर्ण धडा ताटात घडतो. मी तो सौ.ला समजावून सांगितला. ती टेबलाखाली वाकून वाटाणे वेचत होती. म्हणाली, "धडा संपला की सांगा, मी वर येते."

२ फेब्रुवारी

प्राचार्यांचा मेसेज. यंदा व्याख्यान ज्युनिअरने द्यावे असे वाटते, आपली हरकत नसावी.

उत्तर मनात पक्के रचले होते: "सखेद असहमत. कारणे प्रत्यक्ष भेटीत." परंतु अंगठा स्क्रीनला टेकला आणि त्याने आपला स्वतंत्र कारभार सुरू केला. प्राचार्यांकडे उंचावलेल्या अंगठ्यांची रांगच्या रांग गेली. शेवटी एक नाचणारे अस्वल.

त्यांचे लगेच उत्तर: "आपला मोठेपणा! आपण इतक्या आनंदाने घ्याल असं वाटलं नव्हतं."

३ फेब्रुवारी

विजय.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन मुद्देसूद बोलायचे ठरवले होते. दार उघडले आणि उंबरठ्यावर पाय जमिनीला चिकटले. यामागचे शास्त्र रंजक आहे: सपाट वाटेवर पावले सवयीने पडतात, पण दार आले की मेंदूला नवा हुकूम काढावा लागतो, आणि माझ्या मेंदूच्या कचेरीत हुकूम सहीसाठी अडकतात. प्राचार्य म्हणाले, "या ना सर, बसा." मी आलो नाही. "मग नंतर येता का?" मी गेलोही नाही. नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो. चेहऱ्याचे व्यायाम सकाळी राहिले होते.

मागे हेडक्लार्क फायली घेऊन अडकला, त्याच्यामागे चहाचा ट्रे, त्याच्यामागे कोणाचे तरी पालक. प्राचार्य घामाघूम. "सर, असं दारात ठाण मांडून... लोक बघताहेत... हे तुम्हाला शोभतं का?" मी उत्तर दिले होते, ते त्यांना ऐकू गेले नसावे. अखेर ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "बरं बाबा, तुम्हीच करा व्याख्यान! सोडा आता दार!" त्याच क्षणी पाय सुटला.

हा तर्कशुद्ध युक्तिवादाचा विजय आहे. युक्तिवाद मांडण्याची वेळ आली नाही, हा तपशील.

१० फेब्रुवारी

घरातल्या प्रत्येक दारात जमिनीवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. डोळ्यांना ओलांडायला रेघ मिळाली की पाय निमूटपणे उचलतो. अप्रतिम उपाय! सौ. विचारत होती, स्वयंपाकघरात जाताना सिग्नल कुठला बघायचा. तिच्यात कुतूहल कमी.

व्याख्यानासाठी पट्ट्यांची गरज नाही. सभागृहात मी आधीच आत असेन.

१६ फेब्रुवारी

तक्रारींना यश. पुरवठादार स्वतः आला. सर्वांत तीव्र अमोनियाच्या सीलबंद बाटल्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, "सर, याच्या वरचा माल जगात बनत नाही." मी म्हटले, उघडा. तो म्हणाला, "इथं? खिडक्या बंद आहेत, साहेब." मी स्वतःच उघडली. नाक लावले. शून्य. नाकपुडीत थोड्या झिणझिण्या आल्या, त्या नव्या गोळ्यांच्या.

"हाच का तो माल?" एवढेच विचारले, तर त्या इसमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. खोकत खोकत, भिंत चाचपत तो बाहेर गेला. चोरी समोरासमोर पकडली गेली की माणूस असा ढासळतो. मला त्याची कीवच आली. माझेही डोळे भरून आले होते.

ठरवले: व्याख्यानात अमोनिया नेहमीच्या मापाने घेऊन चालणार नाही. भेसळ धरून माप वाढवावे लागेल.

२४ फेब्रुवारी

सौ.शी कडाक्याचे भांडण. मी टेबलाशी बसून व्याख्यानाचे टिपण वाचत होतो. ती बाहेरून आली आणि किंचाळलीच. गॅसवर दूध होते म्हणे. होते तर होते. पातेल्याचा कोळसा, घरभर धूर. "शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या, तुम्ही इथं चार हातांवर बसलात आणि तुम्हाला पत्ता नाही!" मी सांगितले की याला एकाग्रता म्हणतात. ती म्हणाली, "याला वास न येणं म्हणतात. डॉक्टरांना मी तपासणीच्या दिवशीच फोन करून सांगितलंय. या आजारात नाक आधी जातं, हात नंतर. कित्येक वर्षांपूर्वीच गेलंय तुमचं."

पाठीमागून फोन! एवढ्या वर्षांच्या संसारानंतर.

मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "निदान बाटल्या तरी त्या ज्युनिअरला उघडू द्या. एवढं ऐका माझं." ज्युनिअरला! म्हणजे उद्या तो थेंबही टाकणार आणि परवा खुर्चीत बसणार. मी म्हणालो, माझ्या नाकाविरुद्ध पुरावा एका पातेल्याचा आहे. पायलट रीडिंग.

ती पातेले घासत राहिली. खूप वेळ घासत होती.

५ मार्च

तयारी पूर्ण. टिश्यूपेपरची पांढरी फुले सौ.ने करून दिली, मी देखरेख केली. फुले फिनॉल्फ्थॅलिनमध्ये, म्हणजे अल्कली लागताच गुलाबी होणाऱ्या द्रावणात, भिजवून टांगायची, खाली पसरट भांड्यात अमोनिया ओतायचा. वाफ वर चढते आणि पांढरी फुले पाहता पाहता गुलाबी होतात. प्रेक्षकांना सांगणार आहे: आज तुम्ही वास डोळ्यांनी पाहणार आहात! हे वाक्य मला फार आवडले आहे. त्यानंतर टायट्रेशन.

सगळ्या बाटल्या घेणार. सौ. पहिल्या रांगेत बसणार आहे. येऊ नको म्हटले होते.

६ मार्च, संध्याकाळी

जे घडले ते क्रमाने लिहितो.

गोळी वेळेवर घेतली होती. हात उत्तम. सभागृह भरलेले, पालकांच्या मांडीवर लहान मुलेसुद्धा. अमोनिया ओतला. फुले गुलाबी झाली, आणि झाली ती किती झपाट्याने! टाळ्या पडल्या, मग एकदम थांबल्या. मी मान वर करून पाहिले तर पहिली रांग रडत होती. दुसरी रांगही. प्राचार्य तर तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होते. मला ठाऊक होते की हे माझे शेवटचे व्याख्यान ठरू शकते. त्यांनाही ते जाणवले असावे. माझ्याही गालांवरून पाणी ओघळले. अशा प्रसंगी शिक्षकाने भावनेत वाहून जाऊ नये. मी ब्युरेटकडे वळलो.

मागे खुर्च्यांचा आवाज झाला. सगळे उठून उभे राहिले होते. मानवंदना! प्राचार्य दोन्ही हात डोक्यावर हलवत होते. मी मान झुकवली आणि कामाला लागलो. टायट्रेशन चालू असताना डोळे फ्लास्कवरून काढायचे नाहीत, हे मीच आयुष्यभर शिकवले आहे.

थेंब. फिरवणे. थेंब. फिरवणे. हात असा स्थिर गेल्या कित्येक वर्षांत नव्हता. ब्युरेटच्या टोकाशी एक थेंब अर्धा लोंबत होता. तो काचेला टेकवून आत घेतला आणि द्रावण फिके गुलाबी झाले. गुलाबाची नुसती आठवण असावी इतके फिके. माझ्या हातून इतके सुंदर पूर्वी कधी झाले नव्हते.

फ्लास्क उंच धरून मी समोर पाहिले. सभागृहात कोणी नव्हते. खुर्च्या आडव्या पडल्या होत्या, एक लहान मुलाचा बूट, एक पर्स. पहिल्या रांगेत सौ., पदराने तोंड झाकून.

"रंग बघ," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मला काही दिसत नाहीये हो. डोळेच उघडत नाहीत."

मग आंधळ्यासारखी चाचपडत येऊन तिने माझा दंड धरला. फ्लास्क मी सोडला नाही. दारापर्यंत नीट आलो आणि दारात पाय चिकटले. ती खोकते आहे, मला ओढते आहे, बाहेरून सगळे ओरडताहेत आणि मी उभा. शेवटी तिने आपला पाय माझ्यापुढे आडवा ठेवला. "ओलांडा." तो ओलांडून मी बाहेर आलो. जन्मभर पाय आडवा घालत आलीस, असा विनोद सुचला होता. चेहऱ्यावर आला नसावा.

अंगणात उन्हात फ्लास्क पाहिला. रंग थोडा गडद वाटला. उन्हामुळे.

८ मार्च

कोणाला गंभीर इजा नाही. काही पालकांचे आणि दोन मुलांचे डोळे दवाखान्यात धुवावे लागले. सौ.चे डोळे अजून लाल आहेत. दर थोड्या वेळाने थेंब घालावे लागतात. ती ते स्वतःच घालते. मी घालतो म्हणालो, तर एवढेच म्हणाली, "नको."

माझे विश्लेषण: पुरवठादाराने सूड म्हणून नेमका त्याच दिवशी शुद्ध माल पाठवला. तक्रार करणार आहे.

प्राचार्य घरी आले होते. फार मवाळ बोलले. ज्युनिअर म्हणे आनंदाने सगळे सांभाळायला तयार आहे. मी घरी विश्रांती घ्यावी आणि एखादे क्रमिक पुस्तक लिहावे. "तुमच्यासारखं समजावणारं दुसरं कोण आहे आमच्याकडे?" जाताना कोलोनच्या बाटलीकडे पाहून ते सौ.ला हळूच काही म्हणाले. ऐकू आले नाही. हल्ली सगळेच हळू बोलतात.

१२ मार्च

तक्रार लिहायला बसलो. शास्त्रीय मुद्दे क्रमाने मांडत गेलो आणि एका मुद्द्याशी पेन थांबले.

अगदी पहिल्या वर्षाच्या मुलाला समजेल अशा रीतीने सांगतो. फिका गुलाबी रंग उघड्या हवेत टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरतो आणि रंग हळूहळू उडतो. म्हणून तर तो क्षणभर पाहायचा असतो. तो आपोआप गडद कधीही होत नाही, उन्हात नाही, सावलीत नाही. होतो तो एकाच परिस्थितीत: भोवतालची हवाच अल्कली असेल तर. अमोनियाची वाफ फ्लास्कमध्ये उतरत असेल तर.

तशी ती उतरत होती. मी थेंब मोजून टाकत होतो तेव्हाही. ते द्रावण माझ्या थेंबाने गुलाबी झाले की हवेने, हे सांगता येणार नाही. बहुधा हवेने. मी नसतो तरी झाले असते.

स्पष्टीकरण निर्दोष आहे. आयुष्यात इतके स्वच्छ कोणाला समजावले नव्हते. तक्रारीचा कागद फाडला. अक्षर एवढे बारीक झाले होते की कोणाला वाचताही आले नसते.

सौ.ने कॉफी आणून ठेवली. विचारले, हा ब्रँड कोणता? ती म्हणाली, "पहिलाच."

मग मधले?

"सगळे तेच. मी नुसते डबे बदलत होते. तुम्ही दरवेळी म्हणायचात, हा जरा बरा आहे."

कॉफी गरम होती. एवढे खात्रीने लिहिता येते.